नीलाचा यादीबाहेरचा मेंदू

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर, मीटरच्या खोलीला लागून, एक छोटी खोली आहे. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की नव्या माणसाला वाटतं आत सत्यनारायण आहे. आत देव नाही. लोखंडी मांडणीवर एक काळा डबा घुर्रघुर्र करत बसलेला असतो आणि त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर आमची नीला आरेकर. चपला त्या डब्यासाठी काढायच्या. नीलाला नमस्कार केला नाहीत तरी चालेल, पण चप्पल घालून आत पाऊल टाकलंत तर ती काय बोलेल ते मी इथे लिहू शकत नाही.

ही सवय तिला नोकरीने लावली. ठाण्याला खोपटजवळ एका पतपेढीच्या मुख्य कचेरीत ती कॉम्प्युटरवर होती. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढूनच जावं लागायचं, कारण धूळ. साहेबसुद्धा मोज्यांवर यायचे, आणि साहेबांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक आहे ही बातमी नीलाने डोंबिवलीपर्यंत आणली होती. तेव्हापासून मी तिची मैत्रीण आहे. असल्या बातम्या आणणारं माणूस कोण सोडतो?

दुसरी सवय मात्र जन्मजात असावी. वस्तू टाकायची नाही. तिचा मिक्सर तिच्या लग्नातला आहे. स्कूटर इतकी जुनी, की सिग्नलला उभी राहिली तर रिक्षावाले आदराने वाट देतात. नवरा, म्हणजे बाळ आरेकर, तोही तेव्हापासून तोच आहे. हे मी तिला एकदा तोंडावर म्हटलं, तर म्हणाली, "चालतोय ना? मग?"

तर अशी बाई निवृत्त झाली तेव्हा तिने काय मागावं? लोकांना शाल-श्रीफळ मिळतं. हिने कचेरीने अडगळीत टाकलेला छोटा सर्व्हर मागितला. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून, डबा मांडीवर घेऊन ती घरी आली. दारात तिच्या सासूबाई, कलावतीबाई, भाकरतुकडा घेऊन उभ्या! वय पंच्याऐंशी, पण घरात येणारी कुठलीही नवी वस्तू त्यांच्या हळदकुंकवाशिवाय वापरात येत नाही. फ्रीज, गॅसची शेगडी, बाळचा चष्मासुद्धा. डब्यावरून तुकडा ओवाळला आणि मला विचारलं, "हा धुतो काय गं?"

धूत नाही, सर्व्हर वाचून दाखवतो. म्हणजे वाचतो आम्ही, तो साठवतो. आमचं श्रवण मंडळ आहे. आम्ही बायका घरी बसून पुस्तकं मोठ्याने वाचतो, फोनवर रेकॉर्ड करतो आणि नीलाकडे देतो. ज्यांना दिसत नाही ते लोक आपापल्या फोनवरून ती ऐकतात. कल्याण, ठाणे, कुठे अंबरनाथ-बदलापूर. मीही वाचते. माझ्या पुस्तकांत नीलाला जास्त कात्री लावावी लागते, कारण मधेच मी नायकाला "मेल्या, तिला आधी विचार तरी!" असं काहीबाही बोलते. ते पुस्तकात नसतं, हे मान्य आहे. असायला हवं होतं.

पण आमची खरी वाचणारी गंगुबाई म्हसकर. गंगुबाई आता नाहीत. त्या होत्या तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून वाचायच्या, बसून वाचलं तर झोप येते म्हणून. रहस्यकथा वाचाव्यात तर त्यांनीच. खोलीचं दार करकरलं, सावली हलली, आणि अगदी तेवढ्यात त्यांच्या कुकरची शिट्टी! त्यांच्या प्रत्येक पुस्तकात किमान एक वरणभात शिजलेला आहे.

या शिट्ट्या, पंखे, कामवालीच्या हाका आवाजातून वेगळ्या काढणारा एक प्रोग्राम नीलाने आणला. पुस्तकं झकास झाली असती, पण डबा पडला म्हातारा. त्याचा प्रोसेसर छोटा. एक काम हातात घेतलं की दुसरं खाली ठेवणार. तो शिट्ट्या काढायला बसला की ऐकणाऱ्यांचे आवाज अडकायचे. आणि सगळ्यात पहिला फोन यायचा मारुती गायकरचा. कल्याणजवळच्या गावचा, जन्मापासून दिसत नाही, ठाण्यात एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर. गंगुबाईंचा भक्त.

"ताय, खून झाला न तुझा मशीन बसला. आता मी कोनाला इचारू, खुनी कोन?"

"अरे मारुती, थांब जरा, चालू होतंय."

"तो खुनी पलून जाईल ना तवर!"

असं वरचेवर व्हायला लागलं, तेव्हा आबा मोडकांनी बैठक बोलावली. आबा आमच्या मंडळाचे अध्यक्ष. सरकारी खात्यातून वर्ग एकचे अधिकारी म्हणून निवृत्त. त्यांच्या घरी फ्रीजवर आत काय आहे त्याची यादी लावलेली असते. माणूस वाईट नाही, उलट मंडळासाठी राबतो, पण नीलाच्या खोलीत बूट घालून शिरणारा हा एकच. विचारलं तर म्हणतात, संधिवात आहे, वाकता येत नाही.

आबा म्हणाले, "नीलाबाई, यंत्राचं वय झालं. आपण इंटरनेटवर जागा भाड्याने घेऊ. मात्र जागा मोजकी परवडेल. जी पुस्तकं फारशी ऐकली जात नाहीत, ती काढावी लागतील."

"कुठली काढणार?"

"जुनी. गंगुबाईंची वगैरे. एकटा गायकर ऐकतो ती."

नीला काही बोलली नाही, हेच भयंकर होतं. मी तिला ओळखते. ती गप्प झाली की समजायचं, कुठलातरी स्क्रू ढिला होणार आहे.

चार दिवसांनी तिने मला बोलावून जाहीर केलं, "मी ह्याचा प्रोसेसर बदलणार."

"म्हणजे?"

"मेंदू गं त्याचा."

"मग बिल्डिंगमध्ये अजून दोन-तीन जण आहेत, त्यांचंही उरकून घे."

ती हसली नाही. तिने शोध लावला होता. तिच्या डब्यात ज्या खाचेत हा मेंदू बसतो, त्याच खाचेत बसणारा दुसरा, चौपट दमाचा एक मेंदू मिळतो. मोठ्या यंत्रांसाठी बनवलेला. फक्त कंपनीच्या कागदावर, या डब्याला कुठले प्रोसेसर चालतात त्या यादीत, त्याचं नाव नव्हतं. तिने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, वो सपोर्टेड नहीं है." हिने विचारलं, "नहीं है मतलब चलेगा नहीं, या आपने लगाके देखा नहीं?" तिकडून बराच वेळ नुसतं संगीत ऐकू आलं.

आबांना कळलं तेव्हा ते खोलीत आले. बुटांसकट. "यादीत नाही ना? मग नाही. उद्या काही जळलं तर कागदावर मी काय दाखवू?"

"जळू नये म्हणून त्यातल्या त्यात कमी वीज खाणारा निवडलाय, आबा."

"असू द्या. दसऱ्याला संध्याकाळी आपण सगळे सोनं द्यायला जमतोच. तोवर हा डबा सुधारला तर राहील. नाही तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. आणि गंगुबाईंची पुस्तकं..." एवढं बोलून आबांनी खांदे उडवले. वाकता येत नाही, खांदे बरे उडवता येतात!

नीला कामाला लागली. मेंदू उल्हासनगरच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून आला, कुठल्यातरी मोडीत निघालेल्या यंत्रातून काढलेला. पण तो बसवायच्या आधी, जुना मेंदू जागेवर असतानाच, डब्याला नव्याची ओळख करून द्यावी लागते म्हणे. यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी जो प्रोग्राम जागा होतो, तो नवा घालायचा. मला वाटलं हे बरं आहे. आमच्याकडे सून आली तेव्हा अशी सोय नव्हती.

मग उष्णतेचा प्रश्न. जास्त दमाचा मेंदू जास्त तापणार, आणि या डब्यात त्याच्या डोक्यावर नुसती ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची जाळी, स्वतःचा पंखा नाही. पंखा एकच, तोही मागच्या भिंतीला. नीलाने माझ्या भाचीच्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापून एक पन्हळ केली, म्हणजे मागचा वारा इकडेतिकडे न भटकता नेमका जाळीतून जाईल. पत्रिकेवरचा गणपती बरोबर वाऱ्याच्या तोंडाशी आला. भाचीचा संसारही तेव्हापासून जरा थंडच चाललाय, पण तो विषय वेगळा.

खंडेनवमी आली. कलावतीबाईंनी पाट मांडला. विळी, अडकित्ता, शिवणकामाची कात्री, बाळचा दाढीचा वस्तरा, नीलाचे सगळे स्क्रूड्रायव्हर ओळीने. नव्या मेंदूला मानाचं स्थान, चांदीच्या तबकात. नीला आणि मी मंडळाच्या कामात होतो. पूजा झाल्यावर आम्ही प्रसादाला पोचलो. संध्याकाळी नीलाने मेंदू उचलून त्याच्या डबीत ठेवला. स्वच्छ, चकचकीत दिसत होता.

दसऱ्याला सकाळी आम्ही दोघी चपला काढून आत. नीलाने हातात धातूचं कडं घातलं, त्याची वायर डब्याच्या लोखंडाला जोडली. अंगातली वीज मेंदूला लागू नये म्हणून. मी म्हटलं, "तुझ्या अंगातली वीज बाळलाही कधी सोसली नाही." तिने जाळी काढली. जुन्या मेंदूवरची वाळलेली करडी पेस्ट स्पिरिटच्या कापसाने पुसली. खटका उचलून त्याला बाहेर काढलं. नवा उचलून, कडेच्या खाचा जुळवून, नुसता सोडल्यासारखा ठेवला. खटका दाबला. नवी पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी. जाळी. पुठ्ठ्याची पन्हळ. बटण.

पंखा असा ओरडला की वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याने उत्तर दिलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. पडदा काळाच.

नीलाने बंद करून परत लावलं. परत लाल. मेमरीच्या पट्ट्या काढून घातल्या. लाल. शेवटी नवा काढून जुना बसवला, तर डबा गुपचूप सुरू. हिरवा दिवा, शहाण्या मुलासारखा. म्हणजे खाच ठीक, डबा ठीक. नव्यालाच तो घेत नव्हता. नीलाने नवा मेंदू खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली सगळीकडून पाहिला. ओरखडा नाही, डाग नाही. सोन्यासारखा लख्ख.

दुपारपर्यंत तिने तीनदा तेच करून पाहिलं. मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं, "बये, बहुतेक त्यांची यादीच बरोबर."

मी चहा करून आणला, तो तसाच निवला.

चारच्या सुमारास आबा डोकावले. लाल दिवा पाहिला. त्यांना आनंद झाला असं मी म्हणणार नाही, त्यांचा चेहरा खरंच पडला. "राहू द्या, नीलाबाई. प्रयत्न केलात. यादी करणारे लोक काही वेडे नसतात." एवढं बोलून ते बाहेर खुर्च्या मोजायला गेले.

लोक जमायला लागले. मारुती आला, पांढरी काठी टेकत, खिशात आपट्याची पानं. दाराशी बूट काढले, वासावरून की आवाजावरून कोण जाणे, थेट नीलाकडे वळला. "ताय, सोनं घे. तुझा आवाज असा का?"

नीलाने त्याला खरं ते सांगून टाकलं. यंत्र जमलं नाही. उद्या डबा जाईल. गंगुबाईंची पुस्तकं जातील.

मारुती जरा वेळ काठीच्या मुठीशी चाळा करत राहिला. "म्हंजे तो खुनी आता कधीच सापडाचा नाय?" असं म्हणून हसायला गेला, पण त्याचं ते हसणं अर्ध्यावर राहिलं. "माझी आये वाचाची नाय, ताय. तिला वाचता येत नव्हता. गंगुबाय वाचाची तवा मना वाटाचं, चुलीजवल बसलोय."

कलावतीबाई दुपारच्या तिसऱ्या खटपटीपासून कोपऱ्यात खुर्चीवर होत्या. नव्या नऊवारीत, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. सकाळपासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मारुतीचं ऐकून त्या चुळबुळल्या आणि नीलाला हाक मारली.

"नीले, मी मघापासून बघत्ये. तू ते उलटं का बसवलंस?"

"काय आई?"

"ते गं, तुझं नवं. तू त्याचं तोंड खाली करून बसवलंस. मी तर तोंडाला हळद लावली होती."

नीला जागच्या जागी थांबली. "कुठल्या तोंडाला?"

"कुठल्या म्हणजे? सोन्याच्या! एका बाजूला निव्वळ कळकट पत्रा, दुसऱ्या बाजूला सोन्याचे ठिपके. मी पत्र्याला हळदकुंकू लावीन होय? ओली हळद लावली, कुंकू लावलं. मग वाटलं, तुला राग येईल, म्हणून कुंकू पदराने पुसून घेतलं. हळद मात्र पुसली नाही हो. हळद पुसू नये."

प्रोसेसरची ती सोनेरी ठिपक्यांची बाजू म्हणजेच त्याची जोडणी. तीच खाली खाचेतल्या बारीक तारांवर टेकते, सगळी वीज आणि सगळी बोलणी तिथूनच होतात. आणि त्यावर हळदीचा वाळलेला पापुद्रा. कुंकू असतं तर लाल दिसलं असतं. सोन्यावर हळद कोणाला दिसणार? भिंगालासुद्धा दिसली नाही!

नीलाने डबा बंद करून त्यातून मेंदू काढला, कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि सोन्याच्या बाजूवरून अलगद फिरवला. कापूस पिवळाधमक. दुसरा घेतला, तोही पिवळा. मी तर तिथेच खाली बसले. हसून हसून माझ्या नव्या साडीची घडी मोडली. मारुती विचारतोय, "क झाला? क झाला?" आणि मला बोलता येईना.

कलावतीबाईंचा चेहरा मात्र कावराबावरा. "माझ्यामुळे बिघडलं काय गं?"

मला वाटलं, आता नीला फुटणार. सकाळपासूनचं सगळं आहेच आत. तर ती सासूच्या पायाशी टेकली आणि म्हणाली, "आई, ह्याला तोंड नसतं. ते सोन्याचे ठिपके म्हणजे ह्याचे पाय. हजारावर पाय आहेत."

"पाय?" कलावतीबाईंनी क्षणभर विचार केला. मग मान ताठ झाली. "मग माझं काय चुकलं? सवाष्णीच्या पायांनाच हळद लावतात."

नीलाने कापसाचा नवा बोळा घेतला.

कापूस पांढरा निघेपर्यंत ती पुसत राहिली. वाळू दिलं. बाहेर माणसं जमली होती, आबा घसा खाकरून भाषणाच्या तयारीत होते. आत परत खटका, पेस्ट, जाळी, पुठ्ठा. मी गणपतीकडे तोंड करून हात जोडले, म्हणजे पत्रिकेवरच्या. नीलाने बटण दाबलं.

पंखा ओरडला. वरच्या कुत्र्याने उत्तर दिलं. लाल. लाल. मग पंख्याचा आवाज एकदम खाली आला, गळ्यात घास अडकून सुटावा तसा, आणि दिवा हिरवा झाला. पडद्यावर अक्षरं उमटली. कंपनीच्या यादीत ज्याचं नाव नाही त्याचं नाव, स्वच्छ, पूर्ण, डब्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

नीला ओरडली नाही, नाचली नाही. तिने पदराने कपाळ पुसलं आणि पंख्याच्या आवाजाकडे कान लावून म्हणाली, "तापत नाहीये." एवढंच. पण ते ज्या सुरात म्हणाली ना, तो सूर मी तिच्या मुलाच्या निकालालाही ऐकला नव्हता.

मी मात्र बाहेर जाऊन बोंब ठोकली. गावभर बातमी करायची तर हक्काचं माणूस मीच.

नीलाने परीक्षा कडक घेतली. एकीकडे शिट्ट्या काढायचं काम लावलं, गंगुबाईंच्या पुस्तकांपासून. दुसरीकडे जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, ज्याने त्याने आपल्या फोनवर हवं ते पुस्तक लावा, एकदम. अंगणात एकाच वेळी डझनभर आवाज सुरू झाले. कोणाचं चरित्र, कोणाची पाककृती, माझं "मेल्या, तिला आधी विचार तरी!" सगळ्यांनी ऐकलं. एकही आवाज अडकला नाही. मारुती फोन कानाला लावून भिंतीशी टेकून उभा. त्याचे ओठ गंगुबाईंबरोबर हलत होते.

आबा आले. दाराशी थांबले. आत हिरवा दिवा, पडद्यावर उष्णतेचा आकडा, सगळं लांबूनच बघून घेतलं. मग त्यांनी भिंतीला हात लावला, कण्हत कण्हत वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. चांगलाच वेळ लागला. मोज्याला भोक नव्हतं, मी पाहिलं.

आत येऊन त्यांनी आपट्याचं पान नीलाच्या हातावर ठेवलं. "नीलाबाई, सोनं घ्या. डबा राहू द्या. पुस्तकंही राहू द्या, सगळी." आणि मग जरा हळू आवाजात, "तो प्रोसेसर... मंडळाच्या सामानाच्या यादीत त्याचं नाव काय लिहू?"

"लिहा ना. खरं आहे ते लिहा."

"आणि यंत्रासाठी हे एक पान." आबा पान डब्यावर ठेवायला निघाले, तोच नीला ओरडली, "वारा अडेल!" कलावतीबाईंनी ते पान मधल्या मधे घेतलं आणि मांडणीच्या लोखंडी पायाशी ठेवलं. त्या आता पायांच्या बाबतीत सावध झाल्या आहेत. पुढच्या खंडेनवमीला हळदकुंकू डब्याच्या बाहेरून, झाकणाच्या कोपऱ्यात, असा तह झाला आहे.

डबा अजून चालतोय. ठाण्याहून, माजिवड्याच्या एका अशाच मंडळाकडून माणसं बघायला येऊन गेली. त्यांच्याकडेही तसलाच म्हातारा डबा आहे. नीला त्यांना खाच, खटका, पेस्ट समजावत होती आणि मी दारात उभी राहून चपला काढायला लावत होते. एकाने विचारलं, "मॅडम, कंपनीच्या लिस्टमध्ये तर हा नाही." मी म्हटलं, "आमच्या यादीत आहे ना? चला, बूट काढा."

मारुतीचा फोन दुसऱ्याच दिवशी आलेला. मला वाटलं आभार मानायला.

"ताय, खुनी सापडला. पन एक सांग, तिथं शिटी होती ती कुठं गेली?"

"अरे, काढली ना! त्यासाठीच तर सगळा खटाटोप."

"लाव परत. शिटीबिगर मना भीतीच वाटली नाय."

नीलाने काय केलं विचारा. शिट्टीसकटची जुनी प्रत तिने पुसलीच नव्हती. टाकायचं कशाला? आता गंगुबाईंचं प्रत्येक पुस्तक दोन तऱ्हांनी मिळतं, शिट्टीसकट आणि शिट्टीविना. मागणी शिट्टीवालीला जास्त आहे.